मोंढ्यामागचा गार दवाखाना

अहमदपूरच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्यबाजारामागं, हमालांची आणि मजुरांची वस्ती आहे. तिथं दवाखाना म्हणून जे काही होतं ते म्हणजे समाजमंदिराला चिकटलेलं पत्र्याचं शेड. राजकन्या सिस्टर तिथं रुजू झाली ती ऐन चैत्रात. दुपारी त्या शेडात पेशंटच काय, पालसुद्धा थांबत नव्हती. राजकन्या कंधारकडची, उन्हाचं तिला नवल नव्हतं. पण दुसऱ्याचा बीपी मोजता मोजता तिलाच घेरी यायला लागली, तेव्हा वस्तीला धड दवाखाना पाहिजे असं ती दिसेल त्याला सांगत सुटली. बाई चिवट. वर्ष सरायच्या आत लातूरची एक संस्था दवाखाना बांधून द्यायला तयार झाली, जागा मिळाली आणि अमरेश नावाचा तरुण इंजिनिअर मोटारसायकलवरून नकाशा घेऊन हजर झाला.

नकाशा बघून राजकन्येचं तोंड उतरलं. तिच्या मनात काचेची दारं होती, एसी होता, चकचकीत फरशी होती. अमरेश बोलत होता मातीबद्दल. इथलीच माती, तीत दगडाची कच आणि थोडं सिमेंट घालून यंत्रात दाबलेल्या विटा. भट्टी नाही की धूर नाही. जाड भिंती, वरच्या अंगाला झरोके, पावसाचं पाणी साठवायला टाकी, लशींचा फ्रिज सोलरवर. एसीची गरजच पडणार नाही, असं तो खुशीत म्हणाला. राजकन्येला वाटलं, गरिबांची वस्ती म्हणून ही मातीवर बोळवण चाललीय.

वस्तीत अर्ध्याअधिकांना तसंच वाटत होतं. पण कस्तुराबाईचं दुखणं वेगळं होतं. कस्तुराबाई म्हणजे मोंढ्यात जन्मभर पोती वाहिलेल्या ग्यानोबामामांची बायको. तिच्या शब्दाबाहेर वस्तीत कुणी जात नसे. विटांची पहिली थप्पी रचली त्या सकाळी ती आली, एक वीट उलटीपालटी करून बघितली आणि खाली ठेवली.

"माझं माहेर किल्लारीकडचं," ती अमरेशला म्हणाली. "भूकंपात माझी धाकटी बहीण मातीखालून काढली आम्ही. भिंत जाडच होती साहेब. मला जाडीचं कौतुक सांगू नका."

अमरेशला प्रत्येक गोष्टीवर उत्तर द्यायची सवय होती. त्या दिवशी मात्र त्यानं आधी नकाशा गुंडाळून ठेवला. मग विटांवरच बसला आणि समजावून सांगू लागला. त्या जुन्या घरांत दगड नुसते मातीवर रचलेले असायचे, डोक्यावर माळवदाचं, म्हणजे जाड मातीच्या धाब्याचं ओझं, आणि कोपरे एकमेकांना बांधलेले नसायचे. इथं जोत्यावर, दारांच्या वर आणि छपराखाली असे लोखंडी गजांचे पट्टे चारी भिंतींना वेढून जाणार होते. छप्परही हलकं होतं.

कस्तुराबाईनं सगळं ऐकून घेतलं. "सांगायला काय जातंय? गज टाकताना मला दिसले पाहिजेत."

"दिसतील मावशी. तुम्ही बघितल्याशिवाय काँक्रीट ओतणार न्हाई."

आणि खरंच ओतलं नाही. एकदा ती लेकीकडं धर्माबादला गेली होती आणि येताना एसटी वाटेत बंद पडली. इकडं मिस्त्री, मजूर सगळे खोळंबलेले, आणि अमरेश सावलीत शेंगदाणे खात बसलेला. मिस्त्री चिडून म्हणाला, एका म्हातारीपायी काम थांबवतं का कुणी? अमरेशनं त्याच्यापुढं शेंगदाण्यांचा पुडा सरकवला. कस्तुराबाई आली ती पिशवीसकट थेट कामावर. फिरून फिरून एकेक गज हलवून बघितला, मान डोलावली आणि मगच घरी जाऊन चहा प्याली.

दवाखाना उभा राहिला, चुन्यानं पांढराशुभ्र झाला आणि मे महिन्यात सगळी वस्ती आजारी पडली.

सकाळी उन्हं तापली की रांग लागे. कुणाची कंबर, कुणाची चक्कर, कुणाचं नुसतंच "कसंतरी होऊन राहिलंय". तपासावं तर काही नाही. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत माठाजवळ बसल्यासारखं वाटत होतं. म्हातारे बाकड्यांवर आडवे होत, बाया तांदूळ निवडायला आणत, आणि एकानं तर साखरपुड्यासाठी हॉल मिळेल का म्हणून विचारून घेतलं. राजकन्या आधी वैतागली. मग तिला वाटलं, एरवी घरोघर हिंडून ज्यांना दवाखान्यात आणता आणता नाकीनऊ येतात, ती माणसं आपल्या पायानं आलीत की. तिनं नियम काढला: बसायचं तर बीपी आणि साखर तपासून बसायचं.

त्यात सापडले ग्यानोबामामा. ते झोपायलाच येत. त्यांचा बीपी बघून राजकन्येनं पट्टा सोडून पुन्हा बांधला. तरी आकडा तोच, भिववणारा. आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, लोणचं बंद केलं. मामांना दोन्ही पटलं नाही. शेवटी राजकन्येनं हे कस्तुराबाईच्या कानावर घातलं, तेही दारात उभं राहून, कारण कस्तुराबाई आत येत नव्हती. गज तिनं डोळ्यांनी बघितले होते, पण त्या भिंतींमध्ये जाऊन बसणं तिच्यानं होत नव्हतं. राजकन्येनंही कधी आग्रह केला नाही.

एका दुपारी कस्तुराबाई मामांना जेवायला बोलवायला आली. दारातूनच हाक मारली. उत्तर नाही. दुसरी हाक, तिसरी. बाकड्यावर मामा हलेनात. आतल्या खोलीतून राजकन्या बाहेर येते न येते तोवर कस्तुराबाई उंबरा ओलांडून धावत आत गेली होती आणि नवऱ्याला गदागदा हलवत होती.

मामांनी डोळे उघडले. "काय झालं? जेवायला केलंय का?"

कस्तुराबाईनं त्यांचा खांदा सोडला. ती तिथंच बाकड्यावर टेकली, भिंतीला पाठ लावून. राजकन्येनं तिला पाणी दिलं आणि शेजारी बसली. पाणी पिऊन कस्तुराबाईनं मागं वळून भिंतीवर तळवा ठेवला.

"गार हाय की," ती म्हणाली.

"हाव मावशी."

बोलता बोलता राजकन्येनं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. बीपी अगदी ठीक होता. तो तसा का आहे याचं कारण कस्तुराबाईनं लगेच सांगितलं: घरातलं लोणचं सगळं हेच संपवतात. मामा कूस बदलून पुन्हा झोपायच्या बेतात होते, त्यांना तिनं दंडाला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवसापासून तिची जागा दाराच्या आतल्या बाजूला ठरली. येणाऱ्याला ती आधी पट्टा बांधून घ्यायला पाठवी, मग बसू देई. मृगाच्या सरी आल्यावर वस्तीचे आजार आपोआप बरे झाले. मामांचा बीपी मात्र गोळ्यांनी उतरला होता.

श्रावणात अमरेश परत आला. शेजारच्या रिकाम्या जागेत अंगणवाडी बांधायची होती. तो चहा संपवून मोजमापाला निघाला, तर कस्तुराबाई आधीच चिखल तुडवत तिकडं पोचली होती आणि खिडक्या पोरांच्या उंचीला ठेवा, असं लांबूनच सांगत होती.