जलील मास्तरांचा जगप्रवास

परंड्याच्या शाळेत भूगोल शिकवणारे जलील मास्तर वीस वर्षं जगप्रवासाचा बेत आखत होते. एडन, सुएझ, लंडन, सगळी बंदरं त्यांनी नकाशावर लाल शाईनं जोडली होती. पण मधेच दुसरं महायुद्ध पेटलं. ते संपलं त्या साली मास्तर निवृत्त झाले.

“आता निघायचं का?” त्यांच्या बायकोनं, मैमुनानं विचारलं.

“दोन वर्षं लागतील. झेपेल तुला?”

“म्या तर अजून रेल्वेबी बघितली न्हाय. आधी कुर्डुवाडीला तर चला.”

दोघं मोटारीनं कुर्डुवाडीला गेली. एक गाडी आली, थांबली आणि धूर सोडत निघून गेली. मैमुना बघतच राहिली. मग म्हणाली, “मुंबईची तिकिटं काढा. समुंदर बघू.”

मास्तर तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन थबकले.

“काय झालं?”

“समुद्र मीही कधी पाहिला नाही, मैमुना. पोरांना नुसता शिकवला. आता भीती वाटतेय.”

ती हसली नाही. पदर सावरून पुढं झाली आणि बाबूला म्हणाली, “मुंबईची दोन द्या.”

गाडीत मास्तर खिडकीला कान लावून बसले. मग हळूच म्हणाले, “लाटांचा आवाज लांबून येतो म्हणतात. खरं असेल?”

“ऐकू की,” मैमुना म्हणाली.