पावणेदोन इंच

गॅरेजच्या मालकिणीने जॅक हळूहळू उतरवला. मागची चाकं जमिनीला टेकली न टेकली तोच काका टेप काढून मडगार्डापाशी उकिडवे बसले.

“अजून पाऊण इंच.”

“काका, जरा दम धरा. स्प्रिंगचे पाटे जागेवर बसू देत.”

तिने डिकी दोन्ही तळव्यांनी दोनतीनदा जोर देऊन दाबली. गाडी वरखाली झाली, कुरकुरली आणि थांबली. काकांनी पुन्हा टेप लावला. एकदा डाव्या बाजूला, एकदा उजव्या, मग परत डाव्या.

“पाऊण इंचच.”

उभी हयात त्यांनी जमीन मोजण्यात घालवली होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी खिशातला टेप काही निवृत्त झाला नव्हता. गॅरेजमधली माणसं त्यांना पाठीमागे टेपकाकाच म्हणत. या आठवड्यातली ही त्यांची तिसरी फेरी. गाडी पस्तीस वर्षांची, फिकट निळी, लांबोडक्या डिकीची. मागून ती उंच दिसते, पूर्वी अशी नव्हती, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी तिने मागची चाकं जोडणारा एक्सल आणि पाटे यांच्या मधे इंचभर जाडीचे ठोकळे बसवले होते, ते आवळणारे जुने यू-बोल्ट काढून लांब घातले होते. एक्सल वर सरकला तशी गाडी तेवढी खाली आली. पण काकांचा हिशोब पावणेदोन इंचाचा होता.

“जाड ठोकळे घाला ना.”

“घालीन. पण मग चार माणसं मागे बसली की खड्ड्यात एक्सल वर आपटणार. कोण बसतं मागे?”

“कोणी नाही,” काका म्हणाले आणि टेप उगीचच फुटभर बाहेर ओढून सोडून दिला. तो सटकन आत गेला.

ते उठले, दारापर्यंत गेले, रस्त्याकडे पाहून परत आले. गाडीला एक वळसा घातला. मग तिच्याकडे न बघता म्हणाले,

“ताई, राग मानू नका. दोन वर्षांपूर्वी गाडी महिनाभर इथे होती. तुमच्या वडिलांकडे. तेव्हाच पाटे बदलले गेले असणार.”

तिचा पाना हातातच राहिला. तो महिना तिला चांगला आठवत होता. काकू दवाखान्यात होत्या आणि काकांना गाडी न्यायला यायचंही सुचलं नव्हतं. काकू गेल्यावर बाबांनीच ती स्वतः चालवत त्यांच्या दारात नेऊन उभी केली होती.

“बाबांनी विचारल्याशिवाय कुणाचा साधा नट बदलला नाही, काका.”

“मी कुठे म्हणतो मुद्दाम...”

“या इकडे.”

तिने टॉर्च घेतला, चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि गाडीखाली सरकली. पाट्यावरचा चिखल आणि गंज खरवडून काढला. काकांना गुडघे टेकून, गाल जवळपास फरशीला लावून बघावं लागलं. पोलादात कोरलेला कारखान्याचा शिक्का आणि खाली साल. गाडीचंच साल.

“दिसलं?”

“दिसलं.” त्यांचा आवाज उतरला होता. “म्हणजे फोटो खोटं बोलतो?”

“बघू तो फोटो.”

त्यांनी पाकिटातून तो जपून काढला. याच फोटोवरून, चाकाच्या मापाशी ताडून, त्यांनी पावणेदोन इंच काढले होते. गाडी नवी घेतली त्या वर्षीचा, बाजूने काढलेला. रस्ता मोकळा, गाडी रिकामी, मागचं चाक मडगार्डात ऐटीत दडलेलं.

तिने हात पुसले आणि फोटो दारातल्या उजेडात नेला. डोळ्यांजवळ धरला.

“काका, ही खिडकीवर बोटं कुणाची?”

“कसली बोटं?”

मागच्या खिडकीची काच उतरवलेली होती. तिच्या खालच्या कडेवर चार बारीक बोटं होती, आतून घट्ट धरलेली.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. मग काढला. मग पुन्हा घातला.

“धाकटी,” ते म्हणाले. “धाकटी आहे ती.”

तिने त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं, पण ते बसले नाहीत.

“आम्ही निघालो होतो. डिकी सामानाने गच्च भरलेली. भावाला नुसत्या गाडीचा फोटो पाठवायचा होता. ही आणि पोरं खिडकीतून सारखी वाकुल्या दाखवत होती, सासूबाईही त्यांना सामील. मी ओरडलो, डोकी खाली घाला सगळ्यांनी, मला गाडी दिसू दे.” ते थांबले. “सगळी आतच होती.”

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती काही सुरू होत नव्हती.

“तुमच्या वडिलांना सांगा,” काका म्हणाले, “नाही, मीच येतो घरी. माझं चुकलं.”

“या ना. त्यांना बरं वाटेल. आता दिसत नाही त्यांना, पण आवाजावरून ओळखतात.”

काकांनी मान हलवली. त्यांनी ड्रायव्हरच्या दाराच्या कडीला हात घातला, मग तो काढून मागचं दार उघडलं आणि वाकून आत शिरले. गाडी किंचित खाली गेली. त्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकले. पाय सरळ होईनात म्हणून त्यांनी ते तिरके घेतले, तरी जमेना. पस्तीस वर्षं पुढची सीट त्यांनी शेवटच्या खाचेपर्यंत मागे घेतलेली होती.

“ठोकळे काढून टाकू ना, काका?” तिने विचारलं.

“मागे एवढीच जागा आहे?”

“पहिल्यापासून तेवढीच.”

“कधी कुणी बोललं नाही मला.”

ती पाना उचलायला वाकली होती. तिने तो तसाच राहू दिला आणि स्टुलावर बसली. काका मागच्या सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन, हलले नाहीत.