रोजच्या तीन चांगल्या गोष्टी

"चांगल्या गोष्टी म्हणजे कसल्या?" मोदिरीने विचारलं.

"कसल्याही. दिवसभरात जरा बरं वाटलं असं काहीही. रोज तीन लिहायच्या आणि त्यांचे आभार मानायचे." सिस्टर ओरातिलेने रक्तदाबाचा पट्टा त्याच्या दंडावरून सोडवला आणि खणातून एक निळी वही काढली. "बायको जाऊन आठ महिने झाले, र्रा मोदिरी. अकरा किलो उतरलाय तुम्ही. गोळ्या देते मी, पण गोळ्यांनी माणूस हसत नाही."

"आणि वहीनं हसतो?"

"मन वळतं हळूहळू. हसू नका, खरंच वळतं."

"मी कुठं हसतोय? तीच तर तक्रार आहे ना तुमची."

कांगच्या दवाखान्यातून तो एका मालट्रकच्या मागे बसून गावी परतला. वही त्याने डिझेलच्या डब्याखाली दाबून धरली होती. गेली सव्वीस वर्षं गावचा बोअर तोच चालवायचा. सकाळी इंजिनाला हँडल मारायचं, पट्टा चढवायचा, टाकी भरली की नळ आणि गुरांचं टाकं सोडायचं. इंजिन बिघडलं की सगळ्या गावाला मोदिरीची आठवण यायची; चालू असलं की कुणालाच नाही. घरी सेगो होती तोवर त्याला याचं काही वाटलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. एकतीस वर्षं दोघंच दोघं.

पहिल्या दिवशी त्याने लिहिलं, इंजिन दुसऱ्या हँडलला सुरू झालं, आभार. शेजारचं गाढव रेकलं नाही, आभार. पुढे अर्धा तास पेन्सिल चावूनही त्याला काही सुचलं नाही. एवढ्या मोठ्या वाळवंटात तिसरी चांगली गोष्ट नसावी, याचं त्याला हसूही आलं नाही. वही मिटून तो झोपला.

सकाळी दार उघडलं तर अंगण झाडलेलं.

काटेरी कुंपणापासून उंबऱ्यापर्यंत वाळूवर गवती झाडणीच्या रेघा उमटल्या होत्या, पंख्यासारख्या, एकात एक गुंतलेल्या. आठ महिन्यांत त्या अंगणाला कुणी हात लावला नव्हता. त्याला वाटलं, शेजारच्या म्मा बोइकान्योला दया आली असेल. त्या दिवशी त्याने तिसरी ओळ भरली: कोणीतरी अंगण झाडलं, आभार.

दुसऱ्या दिवशीही झाडलेलं. तिसऱ्याही.

"म्मा, कशाला एवढा त्रास घेता?" त्याने कुंपणावरून विचारलं.

"कसला त्रास?"

"माझं अंगण झाडता ते."

म्मा बोइकान्यो कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझं अंगण झाडताना माझी कंबर मोडते आणि तुझं कुठं झाडत बसू? दुसरी कुणी मिळालीय का तुला? वर्ष तरी होऊ दे, मेल्या!"

ती हसली आणि हसता हसता तिची नजर अंगणावर गेली. मग ती हसायची थांबली. "मोदिरी," ती हळू आवाजात म्हणाली, "पाय कुठंयत?"

"कुणाचे?"

"झाडणारीचे."

त्याने पाहिलं. रेघाच रेघा. त्याची आत्ताची सोडली तर पाऊल एकही नव्हतं.

सेगो तशी झाडायची. गावातल्या बायका पुढे पुढे झाडत जात. ती मात्र कुंपणाकडून सुरुवात करायची, डावा हात पाठीवर ठेवून वाकलेली, आणि मागे मागे सरत आपलीच पावलं पुसत यायची. शेवटी उंबऱ्यावर चढून तिथली दोन पावलंही पुसून टाकायची. "कोण कुठं गेलं ते साऱ्या गावाला कशाला कळायला हवं?" म्हणायची.

मोदिरी घाबरला नाही. पुढे कितीतरी दिवस त्याला स्वतःलाच याचं नवल वाटायचं. उलट पोटात काहीतरी ऊबदार उतरल्यासारखं झालं. आता त्याला पहाटे गाढ झोप लागू लागली. तो आंबील दोनदा वाढून घेऊ लागला. चहाचा पेला सकाळी धुऊन पालथा घातलेला सापडायचा, खुर्चीवर फेकलेली शाल घडी करून ठेवलेली असायची. तो रात्री सगळं लिहून काढायचा: पेला, शाल, अंगण. आभार, आभार, आभार. उजव्या तळहाताला फोड आले होते, ते हँडलमुळे असतील म्हणून त्याने दुर्लक्ष केलं. अंथरुणात वाळू सापडायची. वाळवंटात वाळू कुठे नसते?

महिन्याने सिस्टर ओरातिलेने त्याचं वजन केलं. "पाहिलंत? चार किलो वाढलाय. डोळ्यांत चमक आलीय. आता तरी पटलं ना?"

"पटलं," मोदिरी म्हणाला. "ती खूश आहे."

"कोण?"

तो वजनकाट्यावरून उतरला आणि वही काखेत मारून निघाला.

गावात मात्र बायका नळावर बादल्या भरून न बोलता निघून जाऊ लागल्या. तो दिसला की त्या लेकरांना जवळ ओढून घ्यायच्या. म्मा बोइकान्योने मधल्या कुंपणात आणखी काटे रचले. "त्यानं तिला जाऊ दिलं नाही," असं कुणीतरी बोलल्याचं त्याच्या कानावर आलं, पण ते मनाला लावून घ्यावं असं त्याला वाटलं नाही.

वर्ष भरत आलं तशी त्याची थोरली बहीण गोइत्सेमांग लोबात्सेहून आली. वर्षभराचं सुतक फेडायचं होतं. सेगोचे कपडे धुऊन नात्यातल्या बायकांना वाटायचे होते. घरात पाय ठेवताच ती म्हणाली, "बरा दिसतोस रे. मी तर हाडांचा सापळा बघायला मिळणार म्हणून आले होते."

"वहीमुळं," त्याने सांगितलं आणि कौतुकाने तिच्यापुढे वही ठेवली.

तिने चष्मा लावून पानं उलटली. मग तिने एवढंच विचारलं, "तुझी झाडणी कुठं असते?"

"दारामागं. का?"

"काही नाही. झोप तू."

त्याला जाग आली ती उभ्यानेच. पूर्वेला फटफटलं होतं. पाय गार वाळूत होते, कंबर वाकलेली, डावा हात पाठीवर आणि उजव्या हातात गवती झाडणी. समोर कुंपणापर्यंत रेघा पसरल्या होत्या, ताज्या, पंख्यासारख्या. उंबऱ्यावर गोइत्सेमांग दाराची चौकट धरून उभी होती.

"मोदिरी? तूच आहेस ना रे?"

"मीच," तो म्हणाला. "मी काय करतोय इथं?"

"मघापासून तीन हाका मारल्या. तू मान वर केली नाहीस. ती झाडताना म्हणायची ना, ते भजन गुणगुणत होतास. मग माझ्या पायाशी आलास आणि म्हणालास..." तिने शाल घट्ट ओढून घेतली. "म्हणालास, 'वन्सं, जरा पाय उचला.'"

मोदिरीच्या हातातून झाडणी गळून पडली.

"मला या जगात वन्सं म्हणणारी एकच बाई होती," गोइत्सेमांग म्हणाली.

"ताई, आवाज कुणाचा होता?"

ती आत गेली आणि चुलीत लाकडं सारू लागली. त्याने पुन्हा विचारलं, दुपारी एकदा आणि निघायच्या दिवशी एकदा. तिने त्याचं उत्तर कधीच दिलं नाही.

कपडे वाटून झाले. सुतक फिटल्याच्या रीतीप्रमाणे त्याच्या मामांनी त्याचं डोकं भादरलं. गोइत्सेमांगचं म्हणणं होतं की वही जाळावी आणि त्याने तिच्यासोबत लोबात्सेला यावं. "इथं तुला एकट्याला सोडून मला घास जाणार नाही."

"पंप कोण चालवणार?"

"गाव बघून घेईल!"

"गावाला हँडलसुद्धा मारता येत नाही, ताई." त्याने तिचं बोचकं ट्रकवर चढवलं. वही त्याने दिली नाही.

नंतरचे चार दिवस तो पहाटे मुद्दाम जागा राहिला, खाटेवर बसून, दोन्ही हात मांडीखाली दाबून. काही झालं नाही. अंगणात कोंबड्यांचे, शेळ्यांचे, वाऱ्याने आणलेल्या पाचोळ्याचे ठसे साचत गेले. पेला तसाच उष्टा पडून राहिला. त्याने वही चाळली. 'अंगण झाडलं, आभार' असं किती वेळा लिहिलं होतं, याची त्याला लाज वाटली. मग वाटेनाशी झाली. सेगो जिवंत असताना एकतीस वर्षं तिने ते अंगण झाडलं होतं. त्याबद्दल तो तिला एकदाही काही बोलला नव्हता. वहीतले आभार तिला पोचले असतील की नसतील, याचा विचार करत तो उजाडेपर्यंत बसून राहिला.

पाचव्या दिवशी त्याने झाडणी उचलली. पुरता जागा होता. तोंड धुऊन, बूट घालून बाहेर आला होता. कुंपणाकडून त्याने मागे सरत झाडायला सुरुवात केली, पण तिसऱ्या पावलाला तोल गेला आणि तो काट्यांवर धडपडला. पुन्हा करून पाहिलं, जमलं नाही. मग तो वळला आणि इतर बायकांसारखा पुढे पुढे झाडत निघाला, वाकडातिकडा, दर चार हातांवर थांबून कंबर सरळ करत.

म्मा बोइकान्यो बादली घेऊन नळाकडे निघाली होती. कुंपणाशी थबकून तिने अंगण न्याहाळलं.

"हे काय झाडणं झालं?" ती म्हणाली. "सगळीकडं पायच पाय."

"माझेच आहेत," मोदिरी म्हणाला आणि इंजिन सुरू करायला गेला.