दोन बॅगा

“आणि नावं? सगळ्यांवर नावं शिवायची?” फोन खांद्याला दाबून धरत अनुराधाने विचारले. समोरच्या कागदावर ती पेन्सिलीने खुणा करत होती.

“हो आई, एव्हरीथिंग. मोज्यांवर पण. तिकडे सगळ्यांची लाँड्री एकत्र होते ना.” रश्मी लंडनहून, ऑफिसमधून बोलत होती. “आणि तुझा बॅग झाला का? नवीन कपडे घेतलं की नाही?”

“अजून नाही.”

“आई, सॅटरडेला जायचंय! आणि प्लीज, बाबाला सांगू नको. सांगितलं तर तो अपसेट होणार, मग विसरणार. परत विचारला की परत अपसेट. कशाला?”

अनुराधाने “बरं” म्हणून फोन ठेवला. पलंगावर दोन बॅगा उघड्या होत्या. निळी तिची, बोटीवर न्यायची. तपकिरी तिच्या नवऱ्याची, शशिधरची, लेस्टरजवळच्या ओडबीच्या नर्सिंग होममध्ये न्यायची. दोन्हींच्या झाकणात एकेक यादी खोचलेली होती. होमची यादी टाइप केलेली होती: बनियन सहा, अंडरपँट आठ, पायजमे चार, कार्डिगन दोन, चपला न घसरणाऱ्या. बोटीची यादी गुळगुळीत रंगीत कागदावर होती. भूमध्य समुद्रात चौदा दिवस, त्यात तीन संध्याकाळी औपचारिक पोशाख, बाकी संध्याकाळी ‘स्मार्ट कॅज्युअल’. पलीकडच्या पानावर एक गोरे जोडपे कठड्याला टेकून हसत होते.

ही सफर शशिधरनेच ठरवली होती. एकोणीसशे त्रेसष्ट साली दोघे मुंबईहून बोटीने इंग्लंडला आले, तेव्हा त्यांच्यापाशी मिळून एकच ट्रंक होती आणि अनुराधा बावीस वर्षांची होती. पुढे लेस्टरच्या हॉस्पिटलात शशिधरने बावीस वर्षे कॅज्युअल्टीत काढली. कन्सल्टंट तो कधी झाला नाही. दोनदा अर्ज केला, दोनदा दुसऱ्याला जागा मिळाली. तिसऱ्यांदा केलाच नाही. पण शहरातल्या कितीतरी कपाळांवर आणि हनुवट्यांवर त्याचे टाके होते. बाजारात एखादा बाप्या थांबून भुवई दाखवायचा आणि म्हणायचा, “डॉक्टर, तुमचं काम.” अनुराधा त्याच हॉस्पिटलात रेकॉर्ड्समध्ये क्लार्क होती. तीही निवृत्त झाली, तेव्हा शशिधरने सफरीची माहितीपत्रके मागवली आणि जानेवारीत तिकिटे काढली. “या वेळी टीबी नाही म्हणून छातीचा एक्स-रे न दाखवता बोटीवर चढायचं,” असे म्हणून तो हसला होता.

मार्चमध्ये तो बेलग्रेव्ह रोडला कोथिंबीर आणायला गेला आणि परतला नाही. संध्याकाळी पाच वाजता हॉस्पिटलातून फोन आला. तो कॅज्युअल्टीत जाऊन बसला होता आणि आपला कोट कुठे टांगलाय, असे सगळ्यांना विचारत होता. त्यानंतर तपासण्या झाल्या, स्कॅन झाला. काय झालेय ते त्याच्याच वयाच्या एका डॉक्टरने, खाली बघत, त्याला सांगितले. दोन दिवसांनी ते तो विसरला. अनुराधाला विसरायची सोय नव्हती.

तिकिटे रद्द करायचे तिने ठरवलेच होते. पण रश्मी एका रविवारी आली, तेव्हा आई रात्री दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशीखाली घेऊन झोपते हे तिने पाहिले. तिने आपणहून सगळे फोन केले. बाबांना दोन आठवडे होममध्ये ठेवायचे आणि त्यांच्या तिकिटावर आईची मैत्रीण सुलक्षणा जाईल, असे ठरले. सुलक्षणा निवृत्त होईपर्यंत प्राथमिक शाळेत शिकवत असे. तिचा नवरा जाऊन सहा वर्षे झाली होती आणि ती कुठेही यायला तयार असे.

बुधवारी सुलक्षणाने तिला कपडे घ्यायला नेले. शशिधरला घरी एकटे ठेवता येत नव्हते, म्हणून तोही आला. डिपार्टमेंट स्टोअरच्या दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या कपड्यांत, चेंजिंग रूमबाहेरच्या खुर्चीवर तो टोपी मांडीवर घेऊन बसला. या खुर्चीवर तो वीस वर्षे बसत आला होता.

“तीन औपचारिक संध्याकाळी आहेत,” सुलक्षणा म्हणाली. “रोज साडी नेसून कुठे जिने चढशील? हा बघ. बाह्या आहेत, गळा बंद आहे. घालून तर बघ.”

गडद निळ्या रंगाचा, पायघोळ ड्रेस होता. अनुराधा कामावर नेहमी स्कर्ट किंवा पँट घालत असे, तरी असे काही तिने आयुष्यात घातले नव्हते. आरशात एक उंच, पिकल्या केसांची बाई दिसली. वाईट दिसत नव्हती. अनुराधाने केस कानामागे घेतले, जरा ताठ उभी राहिली आणि पडदा सारून बाहेर आली.

“कसा दिसतो?”

शशिधर लगेच उठून उभा राहिला, अनोळखी बाई समोर आली की उठायचा तसा.

“छान दिसतोय तुम्हाला,” तो म्हणाला. “फारच छान. आमच्या मिसेसना दाखवायला हवा हा रंग. इथेच कुठेतरी आहेत त्या. तुम्हाला दिसल्या का?”

सुलक्षणाने हातातला हँगर खाली ठेवला. अनुराधाला एकदम वाटले, त्याच्या नजरेत आपण आवडलो आहोत. आणि ते सांगायला जगात दुसरे कोणी नव्हते.

“आत कपडे बदलतायत,” ती म्हणाली. “येतीलच. बसा तुम्ही.”

आत जाऊन तिने झिप खाली ओढली. ड्रेस खुंटीला नीट टांगला. आपला करडा स्कर्ट आणि ब्लाउज घालून ती बाहेर आली, तेव्हा तो घड्याळ बघत होता.

“किती वेळ लावलास, अनु!”

“चला,” ती म्हणाली. “झालं.”

“अगं, ड्रेस?” सुलक्षणाने हळूच विचारले. “शोभत होता गं तुला. खरंच.”

“साड्याच नेते. मला नाही घालवणार तो.”

घरी आल्यावर अनुराधाने तीन साड्या काढल्या: काळी चंद्रकळा, एक मोतिया रंगाची आणि रश्मीच्या लग्नातली जांभळी. ब्लाउज, परकर, सेफ्टी पिनांसकट त्या घड्या घालून निळ्या बॅगेत ठेवल्या आणि चहा टाकायला खाली गेली. वर आली तर निळी बॅग रिकामी होती. तिन्ही साड्या त्याच्या बनियनांवर, तपकिरी बॅगेत नीट रचून ठेवलेल्या होत्या.

“दोघांचं एकातच मावतंय,” शशिधर म्हणाला. तो खूश होता. “दोन बॅगा कशाला उचलायच्या? पोर्टर काय मागेल तिथे!”

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

तो खाली टीव्हीवर स्नूकर बघायला बसला, तेव्हा तिने साड्या पुन्हा काढून निळ्या बॅगेत ठेवल्या. गुरुवारपर्यंत हे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी ती काढताना रडली, आणि मग जांभळी साडी पुन्हा इस्त्री करावी लागली.

नावाच्या पट्ट्या पोस्टाने आल्या. पांढऱ्या अरुंद फितीवर लाल अक्षरांत ‘एस. व्ही. कर्णिक’ असे विणलेले, एकाखाली एक बहात्तर वेळा. एकेक कापून गळ्यामागे शिवायचे. शुक्रवारी सकाळी ती खिडकीपाशी शिवायला बसली. शशिधर समोर येऊन बसला आणि तिचे बघू लागला. चौथ्या बनियनला त्याला राहवेना.

“ही अशी गाठ सुटेल,” तो म्हणाला. “आण इकडे.”

तिने सुई दिली. गेले दोन महिने त्याला शर्टाची बटणे लावता येत नव्हती. पण सुई बोटांत आली आणि हात एकदम स्थिर झाले. एक टाका, दोरा बोटाभोवती एका हाताने फिरवला, गाठ बसली. त्यावर दुसरी, उलटी. मग न बघता त्याने उजवा तळवा पुढे केला.

“सिझर्स.”

अनुराधाने कात्री तळव्यावर ठेवली.

“थँक यू, सिस्टर.”

त्यानंतर दोघांनी मिळून काम केले. ती पट्टी कापून जागेवर धरायची, तो टाके घालायचा. प्रत्येक पट्टीला चार सुटे टाके, प्रत्येकाला वेगळी गाठ. किती दिवसांनी दोघे मिळून काहीतरी करत होते. शाळेला सुट्टी होती, बाहेर शेजारच्या मुली स्किपिंग करत होत्या. अकरा वाजले, बारा वाजले. पायजम्यांवर आल्यावर त्याने पट्टी उजेडाकडे धरून वाचली.

“कर्णिक. आपल्याकडचाच दिसतो. काय झालंय याला?”

“विशेष काही नाही,” अनुराधा म्हणाली. “थोडे दिवस ठेवून घेणार आहेत.”

“घरचं कोणी आहे ना?”

“आहे.”

“येतात ना भेटायला?”

तिने पुढची पट्टी कापली. “येतील.”

“मग ठीक,” तो म्हणाला, आणि पुन्हा हात पुढे केला. “सिझर्स.”

शनिवारी सकाळी रश्मी गाडी घेऊन आली. सुलक्षणा पुढे बसली, ही दोघे मागे. शशिधरने टाय लावला होता. सांगितलेले कोणी काहीच नव्हते, आणि त्याने विचारलेही नाही. ओडबीला होमच्या दारात गाडी थांबली. झाडे छाटलेली, पायऱ्यांऐवजी उतार, काचेवर कागदी फुले. सुलक्षणा गाडीतच थांबली. रश्मीने डिकीतून फक्त तपकिरी बॅग काढली.

खोली लहान पण स्वच्छ होती. पलंग, खुर्ची, अरुंद कपाट. जॉइस नावाची तिथली नर्स क्लिपबोर्ड घेऊन आली. तिने एकेक कपडा काढून मोजला, कपाटात ठेवला आणि यादीवर खूण केली. बनियनची गळपट्टी उलटून ती थांबली.

“हे कोणी शिवलंय? असं शिवलेलं मी वॉर्डवर असताना बघायचे.”

“ह्यांनीच,” अनुराधा इंग्रजीत म्हणाली.

जॉइसने मान वळवून शशिधरकडे पाहिले. “डॉक्टर, वेल डन.” त्याने किंचित मान लववली.

रश्मी फॉर्मवर सह्या करायला ऑफिसात गेली. जॉइस मोज्यांच्या जोड्या मोजत होती. शशिधर खिडकीशी उभा राहून खाली गाडीकडे बघत होता.

“तुझी बॅग कुठाय?”

“गाडीत आहे.”

“का?”

सांगू नको, सांगू नको, असे रश्मीने रोज फोनवर बजावले होते. अनुराधाने तोंड उघडले आणि दुसरे काहीतरी सांगायला शब्द शोधले. ते सापडले नाहीत.

“मी बोटीवर चाललेय,” ती म्हणाली. “तुम्ही इथे राहायचं. दोन आठवडे.”

“एकटी चाललीस?”

“सुलक्षणा आहे बरोबर. नको जाऊ का? तुम्ही म्हणत असाल तर नाही जात. खरंच नाही जात, अहो. अजून काही झालेलं नाही.”

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. गेल्या कित्येक आठवड्यांत त्याने असे बघितले नव्हते. आपण कोण आहोत हे आत्ता त्याला माहीत आहे, हे तिला कळले, आणि म्हणूनच तिला पळून जावेसे वाटले.

“जा,” तो म्हणाला. “मी आता बोटीवर काय करणार! कुठे तरी चुकेन, तुला चौदा दिवस माझ्यामागे फिरावं लागेल.” मग त्याचा आवाज नेहमीचा झाला. “गरम काही घेतलंस का? डेकवर वारा असतो.”

तिने घेतले नव्हते. यादीत कुठे लिहिलेलेच नव्हते.

“घेतलंय,” ती म्हणाली.

“काय घेतलंस?”

शशिधरने अंगातले करडे कार्डिगन काढायला सुरुवात केली. एक बाही अडकली. ती पुढे होणार तेवढ्यात त्याने मानेने नको म्हटले आणि स्वतःच सोडवली. कार्डिगन खांद्याच्या शिवणीवर धरून त्याने तिच्यापुढे उघडले, कोट घालायला धरतात तसे. ती पाठमोरी झाली आणि तिने हात घातले.

“दोन कार्डिगन लिहिलेत,” जॉइस यादी बघत म्हणाली. “एक कपाटात आहे आणि...”

तिने वर पाहिले आणि बोलणे थांबवले. दोनावर रेघ मारून तिने एक लिहिले.

दारापर्यंत तो आला. तिथून पुढे आला नाही.

साउथँप्टनहून बोट सहाला सुटली. जून महिन्याचे लख्ख ऊन होते. माणसे उघड्या बाह्यांनी डेकवर गर्दी करून धक्क्यावरच्यांना हात करत होती. कुठेतरी बँड वाजत होता. धक्क्यावर रश्मी होती. आधी हात हलवताना दिसली, नंतर नुसती दिसली, नंतर गर्दीतली कुठली ते कळेना.

“अगं, काढ ते अंगातलं,” सुलक्षणा पुठ्ठ्याने वारा घेत म्हणाली. “केवढं उकडतंय! वारा म्हणून नाही.”

वारा खरेच नव्हता. पाणी तेल ओतल्यासारखे पडले होते. बाह्या अनुराधाच्या बोटांच्या पुढे येत होत्या. गळ्यामागे पट्टीच्या गाठी मानेला टोचत होत्या. तिने कठड्यावरचा हात काढला आणि कार्डिगनची बटणे लावायला घेतली, खालून वर, एकेक करून.