नीनीच्या पासपोर्टावरचे स्टेशन

मी एक जुना शिक्का आहे. शीकेंग नावाच्या लहानशा स्टेशनात, तिकीट खिडकीजवळच्या टेबलावर, सुतळीने बांधलेला. माझी मूठ कापराच्या लाकडाची, खाली रबर, आणि रबरात कोरलेले आमचे कौलारू स्टेशन, मागे बोगदा, त्यामागे डोंगर. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले, त्याने बोगद्यातून अर्धे बाहेर आलेले इंजिनही हौसेने कोरले होते. आता ते झिजून नुसता ठिपका उरलाय.

मित्रांनो, माझे काम सोपे. लोक गाडीतून उतरतात, मला जांभळ्या शाईच्या गादीवर दाबतात आणि आपल्या वहीत उमटवतात. इथे येऊन गेल्याची आठवण, एवढेच. मधली काही वर्षे लोक फोनमध्ये फोटो काढून निघून जायचे. गादी वाळून कडक झाली, मुठीवर कोळ्याने जाळे केले. मग कुठून तरी शिक्के गोळा करायचे वेड आले आणि आता रविवारी दोनदोनशे वेळा आपटला जातो मी. दुर्लक्षाने माणूस थकतो म्हणतात. कौतुकानेही थकतो, हे मी सांगतो.

पण माझ्या अंगात खरा थकवा भरला तो गेल्या मार्चमध्ये.

त्या दुपारी युनरू आली, दोन-दहाच्या गाडीला, चाळीस मिनिटे आधी. ती तशीच. बरोबर चार वर्षांची नीनी आणि सासूबाई. सासूबाईंना गाव आमा म्हणते. आमाची थोरली बहीण आकीन साठ वर्षांपूर्वी अननसाचे डबे भरायला जपानच्या इशिगाकी बेटावर गेली आणि तिथेच संसार थाटून राहिली. तिचे आता काही खरे नव्हते. "दोन आठवडे निघाले तर खूप," असे भाच्याने, केनजीने, फोनवर सांगितले होते. आमा जन्मात विमानात बसलेली नव्हती.

युनरूने दोन दिवसांत सगळे जुळवले होते. सकाळच्या विमानासाठी आदल्या रात्री विमानतळाजवळ साधी खोली, म्हणजे पहाटे धावपळ नको. रात्री उतरणारे विमान आणखी स्वस्त होते. पण अनोळखी गावात, अंधारात, लेकरू कडेवर घेऊन टॅक्सी शोधायची, तर वाचलेले पैसे तिथेच जातात आणि वर जिवाला घोर, असे तिचे गणित. आजारपणाचा विमा उतरवलेला. सगळ्या कागदांच्या नकला वेगळ्या पिशवीत. पैसे दोन ठिकाणी. आमाची रक्तदाबाची औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाहीत. तरी तिने बाकावर बसून सासूची बॅग पुन्हा उघडलीच.

"मा, हे काय?"

"काही नाही गं. ताईसाठी सॉसेज. दोनच माळा."

"मांस नेता येत नाही तिकडे. तीनदा सांगितलं तुम्हाला."

"कोण हुंगत बसणारे माझी बॅग?"

"कुत्रा," युनरू म्हणाली. "त्याला पगार मिळतो त्याचा."

तिकीट खिडकीतून आमचे स्टेशनमास्तर, ल्याओ मास्तर, खो-खो हसले. "इकडे द्या, वहिनी. आमच्याकडे कुत्रा नाही, मी आहे."

आमाने माळा त्यांच्या हातात कोंबल्या. "चाळीस वर्षं घर चालवलं मी. आता सून माझी झडती घेते!"

तेवढ्यात नीनीला लघवीला लागली. युनरूने कागदांचे पाकीट आमाच्या मांडीवर ठेवले. "हे हातातून सोडायचं नाही हं, मा."

आमाने सोडले नाही. उघडले. नीनीचा हिरवा पासपोर्ट कोराकरकरीत होता. आमाची नजर माझ्यावर गेली आणि तिचा चेहरा उजळला. याच फलाटावरून ताई गेली होती. तिच्या डोळ्यांसमोर हे स्टेशन धरायचे, एवढेच त्या बिचारीच्या मनात. तिने मला गादीवर नीट दाबले आणि नीनीच्या पासपोर्टाच्या कोऱ्या पानावर उमटवले. माझ्या आयुष्यात इतका स्वच्छ उमटलो नव्हतो मी. ठिपक्याचेसुद्धा इंजिन वाटत होते.

युनरू परत आली. तिने पान पाहिले आणि नीनीचा हात आवळून धरला.

"आई, दुखतंय," नीनी म्हणाली.

"छान आलाय की नाही?" आमाने विचारले. मग सुनेचे तोंड पाहून, "काय झालं? थुंकी लावून पुसते. नाहीतर पान फाडू या, एवढी पानं आहेत त्याला."

"हात लावू नका, वहिनी!" ल्याओ मास्तर बाहेर धावले. "पान फाडलं तर संपलंच. पासपोर्टावर सरकारी शिक्क्याशिवाय दुसरं काही उमटलं की तो खराब धरतात. कधी कुणाच्या नजरेतून सुटतं, कधी नाही."

"सुटलं तर?" आमा म्हणाली.

"आणि नाही सुटलं तर?" युनरूचा आवाज बारीक झाला होता. "इथल्या काउंटरवर अडवलं तर एक वेळ ठीक. तिकडे उतरल्यावर अडवलं, तर हिला घेऊन मी कुठे बसू? नवीन करायचा तर घाई करूनही आठवडा जाईल."

आमाने आपली बॅग उचलली. "चला घरी. माझंच कर्म. साठ वर्षं नाही भेटले, आता काय भेटायचं."

गाडीला अठरा मिनिटे होती. नीनी फरशीच्या रेघांवरून उड्या मारत होती. युनरूने तिचा पासपोर्ट पाकिटात परत ठेवला. मग म्हणाली, "मा, तुम्ही जा. एकट्या."

"मी? मला तिकडचं संडासाचं दारसुद्धा वाचता यायचं नाही!"

"चित्र असतं दारावर. बसा इथे." तिने विमान कंपनीला फोन लावला. आमासाठी चाकांची खुर्ची मागितली, काउंटरपासून थेट पलीकडे बाहेर पडेपर्यंत.

"मी काय लंगडी आहे?"

"खुर्चीबरोबर माणूस येतो, मा. तुम्हाला खुर्ची नकोय, तो माणूस हवाय. मुकाट्याने बसायचं."

दुसरा फोन केनजीला. बाहेरच्या दारापाशी आमाच्या नावाची पाटी घेऊन उभे राहायचे, तिथून हलायचे नाही. मग तिने एका कागदावर केनजीचा पत्ता आणि नंबर जपानीत उतरवला, फोनमध्ये बघून, एकेक रेघ जपून. त्याच्याच दोन नकला केल्या. एक आमाच्या खिशात, एक बॅगेत, एक बंडीच्या आत पिनेने.

"बंडीत कशाला?"

"बॅग हरवते. खिसा कापतात. बंडी कोण नेणार?"

आमाला रडता रडता हसू आले. "मेली, सगळ्याचं वाईटच दिसतं तुला आधी."

"म्हणून तर झोप लागत नाही," युनरू म्हणाली.

तिघी विमानतळापर्यंत बरोबरच गेल्या. गाडी सुटली तेव्हा मी टेबलावर कलंडलेला होतो. माझ्या तोंडावरची शाई तशीच ओली होती.

नवव्या दिवशी आमा गाडीतून उतरली, युनरू आणि नीनी तिला विमानतळावरून आणायला गेल्या होत्या. ल्याओ मास्तरांनी विचारले, "ओळखलं का ताईने?"

"दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, मेइचू, एवढी म्हातारी कशी गं झालीस? मग दोघी रात्रीपर्यंत बोलत होतो. म्हणजे तीच बोलत होती."

आमा परत आल्यावर चौथ्या दिवशी आकीन गेली. नीनीच्या नव्या पासपोर्टाची वाट पाहिली असती तर काय झाले असते, ते घरात कुणी बोलत नाही. निदान या बाकावर तरी मी ऐकले नाही.

मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. ज्या हातात असेन, तो नेईल तिथे उमटतो. म्हणून परदेशी निघालात की पासपोर्टावर कशाचीही खूण करू नका, लेकरांच्या हातात तो खेळायला देऊ नका, आणि माझ्यासाठी एक साधी वही ठेवा. ल्याओ मास्तरांनी तशी पाटीही लावली आहे. वाचत कुणी नाही.

आमा मात्र रविवारी येते. जुन्या दिनदर्शिकेची पाने कापून आणते आणि टेबलाशी बसते. गेल्या रविवारी एका जोडप्याने पासपोर्ट काढला, तशी ती खेकसली, "ठेव तो आत! हे घे, कागद. मागची बाजू कोरी आहे." दोघे ओशाळून हसली. मी कागदावर उमटलो.

पण ती रविवारीच येते. बाकीचे सहा दिवस तुमचे तुम्ही बघा. मी दमलोय.