शेजारचा मणका

सेल्समन शेवटी वाकलाच. कमरेतून, डॉक्टरांनी बोट नाचवून मनाई केली होती अगदी तसाच. पण हे घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ. तोही तसंच धरून चाललाय.

बुटांच्या दुकानातली नोकरी, म्हणजे दिवसभर लोकांच्या पायाशी. ऑपरेशनमध्ये त्याचे दोन मणके स्क्रूने जोडले होते. "जोडलेल्यांची काळजी सोडा," डॉक्टर म्हणाले होते, "त्यांच्या वाटची हालचाल आता शेजारच्या मणक्यावर येणार. त्याला जपा. वाकायचं ते गुडघ्यांत. नाहीतर पुन्हा टेबलावर." तेव्हापासून बायकोपेक्षा त्या शेजाऱ्याचीच त्याला जास्त चिंता.

म्हणून तो ताठ पाठीने, नाटकाचा पडदा उतरावा तसा, संथपणे एका गुडघ्यावर यायचा. एका बाईंनी घाईघाईने सांगितलं, "माझं लग्न झालंय." असल्या उठबशांनी गुडघेही संपावर गेले. मग तो गिऱ्हाइकांनाच खोकी काढायच्या शिडीवर चढवू लागला. पाय छातीशी आले, मणका खूश. मालक, म्हणजे बायकोचा भाऊ, मात्र भडकला.

"दाजी, हे दुकान आहे का सर्कस?"

"सर्कशीत निदान जाळी असते."

शिडी गोदामात गेली. त्याच दुपारी एक आजोबा आले, नव्या बुटांत पाय सरकवून खांबासारखे उभे राहिले. लेस सुटलेली.

"बांधा."

"पाय जरा स्टुलावर घेता?"

"जमायचं नाही. पाठीत सळ्या आहेत. चार मणके जोडलेत."

सेल्समनला उगाच कमीपणा वाटला. "माझे दोनच."

"मग तुम्ही ज्युनियर. वाका."

दोघांनी मालकाकडे पाहिलं. मालकाने आपल्या पोटाकडे पाहिलं. त्यापलीकडचं त्याला बरेच महिने दिसलं नव्हतं.

"दाजी, गिऱ्हाईक खोळंबलंय."

पुढचं घडलंच नाही. लेस मात्र बांधली गेली.

संध्याकाळी जोडलेल्या मणक्यांच्या बरोबर वर, शेजाऱ्याच्या दारातच, कळ उठली.

"वाकलास ना?" बायको म्हणाली.

"छे."

"मग असा तिरका का उभा आहेस?"

त्याने उभ्याउभ्याच मेहुण्याला मेसेज लिहिला: 'महोदय, दुकानात येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाचे पाय प्रवेशापूर्वी कमरेच्या उंचीवर हलवण्यात यावेत, ही नम्र विनंती. सदर कार्यवाही पूर्ण होईपर्यंत दुकानातील जमीन अडीच फूट वर घेण्यात यावी.'