बातमीमागचे नाव

३ मार्च रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी संपादकबाईंच्या खोलीबाहेर सात शिकाऊ वार्ताहर मुली बसल्या होत्या. वृत्तपत्राने महिला पत्रकारांसाठी चालवलेल्या मार्गदर्शन वर्गाचा तो शेवटचा दिवस होता आणि नेमणुका बाईंच्या हाती होत्या. बाई एकेकीला आत बोलावून तिची बातमी तपासत होत्या.

सर्वांत शेवटी चिमणी आत गेली. तिची बातमी रुग्णालयातील मुदत संपलेल्या औषधांविषयी होती. आपले नाव बाहेर फुटू नये, या अटीवर एका नर्सने ती माहिती दिली होती.

"झकास लिहिलंयस गं," बाई म्हणाल्या. "पण खात्री करायला हवी. कुणी सांगितलं तुला?"

"बाई, नाव कुणालाच सांगणार नाही, असा शब्द दिलाय मी."

"अगं, मी काय परकी आहे? वर्षभर बोट धरून चालवलं तुला!"

चिमणीने नाव आणि नंबर सांगितला.

बाईंनी तिथल्या तिथे फोन लावून स्पीकरवर टाकला. "नमस्कार सिस्टर. तुमचं नाव आमच्या शिकाऊ मुलीनं मला सांगितलं. ती समोरच बसलीय."

पलीकडून "मुली, दोन लेकरं आहेत गं मला," एवढेच म्हणून नर्सने फोन ठेवला.

"बाकीच्यांनाही मी हेच विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "एकीनंही तोंड उघडलं नाही. आता रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. इथे टेबलावर कागद आहेत."

त्या दिवशी सहा नेमणूकपत्रे निघाली.